मी म्हणजे माझे मामा

मराठी माणूस आत्मचरित्र लिहायला कचरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी लग्नाचं मूल असलेल्या कोणत्याही घरात जाऊन कपाटाचा वरचा खण उघडावा. तिथे प्लॅस्टिकच्या फायलीत एक अख्खं चरित्र एका पानात बसवून ठेवलेलं असतं. वर गणपती, उजव्या कोपऱ्यात स्टुडिओतला फोटो, मध्ये मजकूर आणि तळाशी मोबाइल नंबर. नंबर वडिलांचा. चरित्रनायकाने यातलं एक अक्षरही लिहिलेलं नसतं. कित्येकदा वाचलेलंही नसतं.

या वाङ्मयप्रकारात मी बरीच भर घातली आहे. "ह्याचं मराठी चांगलं आहे" अशी माझ्याबद्दल नातेवाइकांत अफवा असल्यामुळे बारशाच्या निमंत्रणापासून दशक्रियेच्या जाहिरातीपर्यंतचा सगळा मजकूर माझ्याकडे येतो. त्यात माझा आवडता प्रकार लग्नाचा बायोडेटा. (इथवर वाचून तुम्ही एकदा वर जाऊन माझं आडनाव पाहून आला असाल. हरकत नाही. आडनाव ‘कर’ने संपणारं निघालं तर मात्र त्याचा उपयोग होत नाही, मग ‘मूळचे कुठले?’ असं विचारावं लागतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ‘कुलदैवत कोणतं?’ चौथ्या प्रश्नाची वेळ महाराष्ट्रात क्वचित येते.)

बायोडेटात मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या वाट्याला जेमतेम पाच ओळी येतात. नाव, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, उंची. सहावी ओळ वर्णाची, आणि मराठी भाषेची श्रीमंती पाहायची तर इथे पाहावी: गोरा, निमगोरा, गव्हाळ, उजळ सावळा. काळा रंग आपण विठ्ठलासाठी राखून ठेवला आहे. उपवर मुलामुलींना तो मिळत नाही. त्यानंतर खरा मजकूर सुरू होतो. वडील सेवानिवृत्त, कुठून आणि कोणत्या पदावरून. आई गृहिणी. भाऊ एक, अविवाहित. बहीण एक, विवाहित, यजमान पुण्यात आयटीत. काका तीन, आत्या दोन, मामा चार. चारांतले एक तहसीलदार असतील तर तेवढे ठळक अक्षरांत. मग देवक, आजोळचं कूळ, शेती (बागायत किती, जिरायत किती), आणि सर्वांत शेवटी ‘नातेसंबंध’ या मथळ्याखाली नुसतीच आडनावांची रांग. रांगेतल्या मंडळींनी मुलाला कधी डोळ्यांनी पाहिलेलं असेलच असं नाही. पण पानभर ती असतात आणि मुलगा कोपऱ्यात, फोटोत.

अमेरिकेत मॅनफर्ड कून आणि टॉमस मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांनी आयोवाच्या विद्यार्थ्यांना वीस रिकाम्या ओळींचा कागद दिला होता आणि ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरं लिहायला लावली होती. निष्कर्ष १९५४ साली छापून आले. पोरांनी आधी लिहिलं ते असं: विद्यार्थी आहे, मुलगी आहे, अमुक पंथाची आहे, तमुक गावचा आहे. असल्या गोष्टी संपल्यावर मग आनंदी आहे, कंटाळलेला आहे वगैरे. म्हणजे अमेरिकन माणूसही सुरुवात गोतावळ्यापासूनच करतो; पण त्याचा गोतावळा लवकर आटपतो आणि उरलेल्या ओळी स्वतःवर खर्च करायला मिळतात. पुढे हाच कागद केनियात गेला. मसाई आणि सांबुरू लोकांनी तो बहुतेक सगळा नात्यागोत्याने भरून दिला, तर नैरोबीच्या विद्यापीठातली मुलं थेट अमेरिकनांच्या पंक्तीला जाऊन बसली. हे वाचून मला आमच्या घरातले सगळेच ओळखीचे वाटू लागले. काका सांबुरू आहेत आणि भाची नैरोबीची.

तिचा बायोडेटा लिहायचं काम आलं तेव्हा मी तो वीस ओळींचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"हे काय आहे, मामा?"

"तुझ्याबद्दल काय लिहायचं ते मला कळेल."

तिने भराभर लिहिलं. मी डेटा अॅनालिस्ट आहे. मला ट्रेकिंग आवडतं. मी सकाळी कुणाशी बोलत नाही. मला गर्दीचा कंटाळा आहे. मी मांजर पाळणार आहे. सहाव्या ओळीला ताईने कागद ओढून घेतला. ‘सकाळी कुणाशी बोलत नाही’ खोडून ‘मितभाषी’ केलं, मांजर पूर्णपणे काढून टाकलं आणि राहिलेल्या ओळी तिने एका दमात भरल्या. त्यात मीही आलो: ‘मामा एक, लेखक.’ त्यातलं ‘लेखक’ नंतर दाजींनी खोडलं. आजोळच्या सांपत्तिक स्थितीविषयी उगाच शंका निर्माण होते, असं त्यांचं म्हणणं.

हसायला सोपं आहे, पण मामा पानावर शोभेसाठी नसतो. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ या दोघांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक पेचप्रसंग अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या आणि आपल्याकडच्या म्हैसूरच्या लोकांपुढे ठेवला होता. जिवलग मित्राचं लग्न आहे. लग्नाच्या अंगठ्या तुमच्याजवळ आहेत. पाकीट चोरीला गेलं आहे. गाडी सुटायला आली आहे आणि शेजारचा गृहस्थ कोट तिथेच टाकून जरा बाजूला गेला आहे. कोटाच्या खिशातून तिकीट डोकावतंय. आता काय? तिकीट उचलावं लागलं तरी चालेल पण अंगठ्या पोहोचल्या पाहिजेत, या बाजूने म्हैसूरकडची ८४ टक्के उत्तरं आली आणि न्यू हेवनची ३९ टक्के.

हाच पेच मराठीत आणून पाहा. अंगठ्यांच्या जागी मंगळसूत्र, मित्राच्या जागी मुलीचे मामा, स्थळ दौंड स्टेशन. चोरी योग्य की अयोग्य, ही चर्चा आमच्या घरात सुरूच होणार नाही. पहिला प्रश्न येईल, ‘मुहूर्त कितीचा?’ गोरज मुहूर्त असेल तर मागच्या गाडीने आलं तरी चालतं. दुसरा प्रश्न, ‘दौंडला आपलं कोण आहे?’ आणि कोणीतरी असतंच. आत्याच्या नणंदेचे दीर तिथे रेल्वेत असतात. ते तिकीट काढून देतात, वर मामांना जेवायला घालून गाडीत बसवून देतात. बायोडेटातली आडनावांची रांग अशा वेळी दौंडला उभी असते. तिकीट चोरायची पाळी ज्याचं दौंडला कोणी नाही त्याच्यावर. अर्थात त्याची किंमतही आहे. तेच दीर पुढे प्रत्येक लग्नात, बारशात आणि तेराव्याला "त्या दिवशी मी नसतो तर" या शब्दांनी वाक्य सुरू करतात, आणि ते ऐकून घ्यावं लागतं.

बायोडेटात ‘स्वभाव’ असाही एक रकाना असतो. त्यात ‘मनमिळाऊ’ लिहितात. मी आजवर दुसरं काही लिहिलेलं नाही आणि कोणी लिहिलेलं पाहिलेलं नाही. या शब्दावर कोणाचाच विश्वास नसल्यामुळे पुढे ‘चौकशी’ नावाची समांतर यंत्रणा कामाला लागते. रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बोर्न या अभ्यासकांनी शिकागोच्या आणि भुवनेश्वरच्या लोकांना ओळखीच्या माणसांचं वर्णन करायला सांगितलं होतं. शिकागोवाले गुण सांगायचे, अमकी प्रेमळ आहे. भुवनेश्वरवाले प्रसंग सांगायचे, सणाला आमच्याकडे गोडधोड घेऊन येते. या फरकावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. माझ्या मावशीला तो उपजत कळतो. स्थळाची चौकशी करायला ती स्थळाच्या घरी कधीच जात नाही. ती त्यांच्या इस्त्रीवाल्याकडे जाते. "शर्ट रोज एकच देतो, पण पैसे थकवत नाही." वॉचमनकडे जाते. "रात्री उशिरा येतो, पण मला उठवत नाही, गेट स्वतः उघडतो." एवढ्यावर मुलगा पास. मनमिळाऊ आहे का, हे तिने कधी विचारलेलं नाही.

पण या सगळ्या कागदांत मला सर्वांत जास्त आदर आहे तो पत्रिकेबद्दल, आणि पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही.

हिशेब पाहा. गुणमेलनाचे एकूण ३६ गुण, १८ मिळाले की उत्तीर्ण. त्यांतले ८ एकट्या नाडीचे. नक्षत्रं २७, नाड्या तीन, प्रत्येक नाडीत नऊ नक्षत्रं. दोघांची नाडी एक आली की आठांपैकी शून्य, वर नाडीदोष. म्हणजे कोणतीही दोन माणसं उचलली तर साधारण तीनांतली एक जोडी इथेच आपटते. मग मंगळ. तो पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मंगळाची पत्रिका. बारा स्थानांपैकी पाच! नुसत्या मोजणीने दर बारा माणसांत पाच मंगळाची. इतकी जनता बाद झाल्यावर लग्नं लागावीत कशी? म्हणून दोषांच्या मागोमाग अपवाद येतात, सौम्य मंगळ येतो, शांती येते. मुलाचा स्वतःचा फ्लॅट कोथरूडला असला की नाडीसुद्धा नमतं घेते, हे मी पाहिलेलं आहे.

खरी गंमत नकाराच्या वेळी. मुलगा बोलताना सारखा मोबाइल बघत होता. मुलीचा पगार मुलापेक्षा जास्त निघाला. पोहे खाताना होणाऱ्या सासऱ्यांनी हुंड्याचा विषय ‘आमची काही अपेक्षा नाही, पण’ असा काढला. कारण काहीही असो, दुसऱ्या दिवशी फोनवर एकच वाक्य जातं: "पत्रिका जुळत नाही हो." पलीकडूनही "अरेरे, योग नव्हता" एवढंच येतं. कोणाचा अपमान नाही, कोणाला स्पष्टीकरण नाही. तिकडे अमेरिकेत नकार देणाऱ्याला समोर बसून ‘दोष तुझा नाही, माझाच आहे’ असं काहीतरी म्हणावं लागतं. इकडे दोष शनीवर जातो आणि शनीला त्याचं काही वाटत नाही. हा भित्रेपणा आहे असं भाची म्हणते. असेलही. पण ती दोन कुटुंबं पुढच्या महिन्यात कुणाच्यातरी लग्नात एकाच पंगतीला शेजारी बसणार असतात आणि मठ्ठ्याचा जग एकमेकांकडे सरकवणार असतात. एवढ्या दाटीत राहायचं तर खरं कारण आकाशात ठेवलेलंच बरं.

आता शेवटचा रकाना: अपेक्षा. इथे माझं हसू थोडं आखडतं.

हेन्री ताजफेल नावाचा पोलिश ज्यू दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत होता. पोलिश ज्यू असल्याचं लपवलं म्हणून वाचला. परत आला तेव्हा जवळच्यांपैकी जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. माणूस कोणत्या रकान्यात पडतो यावर काय काय अवलंबून असतं, हे त्याला पुस्तकातून शिकायचं राहिलं नव्हतं. पुढे मानसशास्त्रज्ञ होऊन त्याने १९७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना चित्रं दाखवायची आणि सांगायचं, तुम्ही क्लेवाले, तुम्ही कँडिन्स्कीवाले. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही कोणाला माहीत नाही. मग पैसे वाटायला सांगायचं. मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली, एवढंच नव्हे. समोरच्याला आपल्याहून बरंच कमी मिळणार असेल तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालेलंही त्यांना चालत होतं.

भेद करायला माणसाला कमीत कमी किती कारण लागतं, हे ताजफेलला शोधायचं होतं. आपल्याकडे आमटीत गूळ पडतो की नाही, एवढ्या कारणावर पिढ्यान्‌पिढ्या निभावलं आहे. आजीच्या काळात कोकणस्थ-देशस्थ लग्न म्हणजे बंड होतं. आज त्याला ‘पोटजातीची अट नाही’ म्हणतात आणि समाज किती पुढे गेला म्हणून एकमेकांना पेढे देतात. शहाण्णव कुळीत कोणाचं कूळ खरं, यावर आख्खी दुपार जाते. मासे खाणाऱ्या दोन जातींना एकमेकींच्या कालवणात नारळ चुकलेला दिसतो. प्रत्येकाचा वधू-वर मेळावा वेगळा, परिचय पुस्तिका वेगळी. पण मेळाव्यात माइकवर आलेला मुलगा ‘नमस्कार, मी’ म्हणून अडखळतो आणि पहिल्या रांगेतून त्याची आई पुढचं वाक्य पुरवते, हे दृश्य सगळ्या मांडवांत सारखंच.

आणि मग ती जाहिरात. पहिल्या ओळीत ‘जातीची अट नाही’. दुसऱ्या ओळीत कंसात, बारीक टायपात: ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व’. इतक्या नम्रपणे लावून घेतलेलं दार जगात दुसरीकडे क्वचितच असेल. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी जे भाषण लिहिलं आणि आयोजकांनी घाबरून परिषदच रद्द केल्यामुळे जे स्वतः छापलं, त्यात जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला होता. त्याला किती वर्षं झाली ते मोजा. राज्य सरकार अशा ठरावीक विवाहांना ५० हजार रुपये देतं. देशव्यापी पाहण्यांत मात्र शंभरातली पाचेक लग्नंच जातीबाहेरची निघतात. मी बायोडेटा लिहिताना ‘जातीची अट?’ हे तोंडी विचारून घेतो. सुशिक्षित घरांतून ठरलेलं उत्तर मिळतं: "आम्ही नाही हो मानत. पण आजीला त्रास होईल." महाराष्ट्रातली जातिव्यवस्था सध्या संपूर्णपणे आज्यांच्या तब्येतीवर उभी आहे.

भाचीचा बायोडेटा छापून झाला, वाटायला निघाला, आणि तिने जाहीर केलं की तिने मुलगा पाहिला आहे. ऑफिसातला. चेन्नईचा, तमिळ.

दाजी खचले. मुलगा तमिळ असल्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. चौकशी कुठे करायची, हा प्रश्न होता. चेन्नईचा इस्त्रीवाला मावशीला काय सांगणार? आमच्या सांबुरू काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पूल बांधला. "चेन्नई म्हणजे तंजावरच्या वरच्या अंगाला. तंजावर तर आपलंच! व्यंकोजीराजे भोसले. १८५५ पर्यंत आपली गादी होती तिथे. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय." मुलाच्या घरच्यांचा तंजावरशी काही संबंध नाही, हे भाची सांगत होती. काकांनी नकाशात अंतर पाहिलं आणि ते नगण्य ठरवलं. संध्याकाळपर्यंत मुलगा जवळजवळ आपल्यातला झाला होता.

मुलाकडचे भेटायला आले. चहा झाला. मुलाच्या आजींनी मी मुलीचा मामा असल्याची खात्री करून घेतली, मग भाचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भाचीकडे पाहिलं आणि नातवाला हळूच काही विचारलं. तो लाजून इंग्रजीत म्हणाला, आमच्याकडे जुन्या रिवाजाने मुलीवर पहिला हक्क मामाचा असतो, तर तुमची काही हरकत नाही ना, असं पाट्टी विचारतेय. मी हक्क सोडत असल्याचं तातडीने जाहीर केलं. ताईच्या हातातला ट्रे मात्र बराच वेळ हवेतच राहिला.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं आहे. तो ग्रंथ मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला. दिल्लीकडच्या माणसाला मामेबहीण ही सख्ख्या बहिणीसारखी. तिच्याशी लग्न हा शब्दही त्याला सहन होत नाही. आमच्या अनेक जातींत मामाची मुलगी ही हक्काची, पण आत्याची मुलगी नको. आणि मामा-भाचीचं नाव काढलं तर कानांवर हात. महाराष्ट्राच्या खाली उतरलं की मामा स्वतःच नवरदेव. आपल्या दक्षिणेला राहतात ते भलतंच करतात आणि उत्तरेला राहतात ते उगाच सोवळे, असं प्रत्येक पट्ट्याचं प्रामाणिक मत आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने तरी काही ठरवावं? त्याने मामा-भाची आणि मामे-आते भावंडं यांना निषिद्ध नात्यांत घातलं आणि लगेच पुढे जोडलं की दोघांच्या रूढीत बसत असेल तर चालेल. दिल्लीत बसून संसदेनेही शेवटी ‘तुमच्यात चालतं ना, मग झालं’ एवढंच म्हटलं.

लग्न ठरलं. पण दाजींचं समाधान होईना. घरात मुलाचा कागद नको का? सगळं ठरल्यावर, नुसतं फायलीत असावं म्हणून, मुलाचा मराठीत बायोडेटा करायचं माझ्याकडे आलं. मुलगा फोनवर सांगत होता, मी उतरवून घेत होतो. नाव, शिक्षण, उंची. वर्ण विचारल्यावर तो सरळ ‘काळा’ म्हणाला. ताईने तिथे ‘उजळ सावळा’ घातलं. वडील, आई, काका. मामा: एक, बँकेत अधिकारी. बहीण: एक, थोरली, विवाहित. यजमान?

तो जरा थांबला आणि त्याने सांगितलं. मी लिहिलं: ‘यजमान: वरीलप्रमाणे.’

जिच्या तब्येतीची आम्हा सर्वांना काळजी होती त्या माझ्या आईपर्यंत ही सगळी हकीकत हप्त्याहप्त्याने, रक्तदाब मोजत पोहोचवली जात होती. कागद तयार झाल्यावर तिने तो मागून घेतला. चष्मा लावला. वरपासून वाचत आली आणि त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. दाजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"म्हणजे मुलाचा मामा आणि मेव्हणा एकच का रे?"

"हो, आई. त्यांच्यात असतं तसं."

तिने कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि ताईकडे वळली.

"मग आहेर एकच करायचा, का दोन?"